रक्त वाचणाऱ्या मावशींना

मावशी,

तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. सकाळी मोहाडीला तुमसरहून येणारी बस थांबली, मी चढले आणि सवयीनं तुमची डावीकडची तिसरी खिडकी पाहिली. तिथं कुणाची तरी पिशवी ठेवलेली होती. तुम्ही लॅब सोडल्यालाच कित्येक वर्षं झाली, त्यामुळं ती जागा आज रिकामी झाली असं काही म्हणता येत नाही. तरी मी तिथं बसले नाही. वरठीपर्यंत दांडा धरून उभी राहिले आणि मनात तुमच्याशी बोलत राहिले. तेच इथं लिहून काढते आहे. तुमच्यासमोर यातलं अर्धंही मी कधी बोलले नाही.

भंडाऱ्यातल्या त्या दोन खोल्या तुम्हीच पहिल्यांदा झाडल्या होत्या. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडची दप्तरं हलली आणि त्या खोल्या बरीच वर्षं कुलपात राहिल्या. मग फ्लूची ती मोठी साथ येऊन गेली आणि तिथं आमची लॅब उघडली. गावागावांतून रक्ताचे नमुने आणायचे आणि त्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं कुणाच्या अंगात किती आहेत ते मोजायचं, एवढं एकच काम. नागपूरचे सर प्रमुख होते, महिन्यातून दोनदा यायचे. टेक्निशियनच्या जागा दोन होत्या, त्यातली एक कधी भरलीच नाही. दुसरीवर मी. आणि काचेची भांडी धुवायला, ठेकेदाराकडून, तुम्ही.

"मॅडम, ह्या नळ्या कितीदा धुवाच्या?" हे तुमचं पहिलं वाक्य.

"तीनदा नळाच्या पाण्यानं, एकदा शुद्ध पाण्यानं."

"काहून?"

मला राग आला होता. आजवर भांडी धुणाऱ्या कुणी 'काहून' विचारलं नव्हतं. मी तुटक सांगितलं की साबणाचा कण राहिला तरी तपासणी चुकते. तुम्ही मान हलवलीत आणि त्या दिवसापासून पाच वेळा धुवायला लागलात. तुमच्या हाताखालून आलेल्या काचेवर मी कधी डाग पाहिला नाही.

तुमचं आधीचं आयुष्य मला बसमध्ये तुकड्यातुकड्यानं कळलं. तुम्ही तुमसरला बसायच्या, पिशवी ठेवून माझी जागा धरायच्या, मी मोहाडीला चढायचे. राइस मिलमध्ये तुम्ही तांदूळ निवडायला होतात. पोत्यातून मूठभर नमुना काढायचा, सुपात पसरायचा, तुटका खंडा किती, पिवळा दाणा किती, काळा किती ते वेगळं करून मालाचा दर्जा सांगायचा. मग मिलमध्ये रंग ओळखणारं यंत्र बसलं आणि निवडणाऱ्या सगळ्या बायका घरी गेल्या.

"यंत्र मस्त होतं जी," तुम्ही म्हणालात, "पर तेले ओला दाना समजत नोता."

तुमच्या आवाजात तक्रार नव्हती. यंत्राचं काम कसं आहे, एवढंच तुम्ही सांगत होतात.

पहिल्या थंडीतला तो दिवस मला नीट आठवतो. मी खिडकीपाशी प्लेट धरून उभी होते. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट, तीत छोटे छोटे शहाण्णव खळगे. मी वाचत होते आणि एका रांगेवर अडले होते. तुम्ही धुतलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन मागून जात होतात. थांबलात.

"मॅडम, खालून तिसऱ्या वळीतली पाचवी टिकली पक्की नाही वाटत."

मी वळून पाहिलं. तुम्ही माझ्यापासून चार हात लांब होतात.

"तुम्हाला काय दिसतं?" मी विचारलं.

"बाकीच्या टिकल्या खाली वाहून राहिल्या. हे जागच्या जागी हाय."

मी प्लेट पुन्हा तिरपी धरली. खरंच, पाचव्या खळग्यातला लाल ठिपका हलत नव्हता. मी तो बरोबर धरणार होते.

त्या दिवशी मी तुम्हाला स्टुलावर बसवून सगळं समजावलं. एका रांगेत एका माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी असतं. पहिल्या खळग्यात ते दहापट पातळ केलेलं, दुसऱ्यात वीसपट, तिसऱ्यात चाळीसपट, असं दुपटीदुपटीनं पुढं. प्रत्येक खळग्यात फ्लूचा मारलेला विषाणू सारखाच टाकायचा. मग वरून कोंबड्याच्या रक्तातल्या लाल पेशी. विषाणू मोकळा असेल तर तो पेशींना एकमेकींशी बांधून टाकतो आणि खळगाभर फिकं जाळं पसरतं. माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं असतील तर ती विषाणूला अडवून धरतात. मग पेशी मोकळ्या राहतात, घरंगळत तळाशी येतात आणि त्यांची टिकली होते. प्लेट तिरपी केली की खरी टिकली आसवासारखी खाली ओघळते. रांगेतली शेवटची खरी टिकली जिथं असेल, तो त्या माणसाचा आकडा.

तुम्ही बराच वेळ प्लेटकडं बघत राहिलात.

"म्हंजे टिकली हाय तोवर मानूस राखला हाय."

"तसंच."

"आन् हा ताप येऊन किती दिस झाले असन?"

"दोन वर्षं, तीन वर्षं. कधी त्याहून जास्त."

"मानूस तं इसरून जाते," तुम्ही म्हणालात. मग हळू आवाजात, जवळपास स्वतःशीच, "रगत इसरत नाही बाप्पा."

मी हे सगळं कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, शेकडो प्लेटा लावल्या होत्या. पण यात थक्क होण्यासारखं काही आहे, हे मला तुमचा चेहरा बघून कळलं. कुणीतरी तापानं फणफणून अंथरुणावर पडलं, उठलं, शेतात रोवणीला गेलं, सगळं विसरलं. आणि त्याच्या रक्ताचा एक थेंब तीनशेवीस पट पातळ केला तरी तो त्या विषाणूला ओळखून धरून ठेवतो. तेव्हापासून मला प्लेट हातात घेताना दरवेळी थोडं थांबायला होतं.

कोंबड्याची व्यवस्थाही तुम्हीच लावलीत. पेशींसाठी ताजं रक्त लागायचं आणि नागपूरहून येईपर्यंत ते खराब व्हायचं. तुम्ही घरचा तांबडा कोंबडा टोपलीत घालून बसनं आणलात. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं तर म्हणालात, "हा सरकारी कामाले चालला." पशुवैद्य पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचे आणि तुम्ही त्याला उराशी धरून त्याच्या डोळ्यांवर पदर टाकायच्या. तो कधी फडफडला नाही. पंधरा दिवसांनी एकदा भंडारा आणि बाकी दिवस तुमसरचा उकिरडा, असा त्याचा चांगला जम बसला होता.

एक गोष्ट मात्र मला लिहायलाच हवी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणली होती आणि डबा माझ्यासमोर सरकवला होता. मी हात पुढं केला आणि तो मध्येच थांबला. आमच्या घरी, आमच्या आळीत, जे न सांगता शिकवलं जातं ते माझ्या हाताला माझ्याआधी आठवलं. एक क्षणच होता. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि भाताच्या गोष्टी काढल्यात. पुढं मी तुमच्या डब्यातलं इतकं खाल्लं की तुम्ही दोन भाकरी जास्त आणायला लागलात. पण तो थांबलेला हात तुम्ही पाहिला होता, हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही.

तुमची परीक्षा मी चोरून घेतली. आधी मी प्लेट वाचायची, आकडे वहीत लिहायचे, वही मिटायची, मग तुम्हाला वाचायला द्यायची. तुम्ही बोटानं खळगे मोजून सांगायच्या आणि मी दुसऱ्या कागदावर लिहून घ्यायची. बहुतेक ठिकाणी आपलं जुळायचं. जिथं जुळायचं नाही तो नमुना मी पुन्हा लावायची आणि पुन्हा लावल्यावर जवळपास दरवेळी तुमचं खरं निघायचं. मी टेबलाशी बसून दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहायची. माझ्याकडं पदवी होती, नागपूरचं प्रशिक्षण होतं. तुमच्याकडं सुपातल्या तांदळावर वर्षानुवर्षं ठेवलेली नजर होती.

नियमानं प्रत्येक प्लेट दोघांनी वाचायची असते, एकमेकांचं न बघता. नोंदवहीत 'पहिलं वाचन' आणि 'दुसरं वाचन' असे दोन रकाने होते. दुसरी टेक्निशियन नव्हतीच, म्हणून सरांनी सांगितलं होतं की तासाभरानं मीच पुन्हा वाचावं. मी दुसऱ्या रकान्यात तुमचे आकडे लिहायला लागले. खाली नाव मात्र माझंच.

"सरांना सांगते मी," एकदा बसमध्ये म्हणाले होते.

"कायले सांगता? भांडेवाली पलेट वाचते म्हनून मले काढतीन आन् तुमालेही बोलतीन."

"पण काम तुमचं आहे."

"होऊन राहिलं नं नीट? मंग झालं."

तुम्ही खिडकीबाहेर पाहायला लागलात. मी पुन्हा विषय काढला नाही. तुमची ती परवानगी मला फार सोयीची होती, मावशी. ती मी वर्षानुवर्षं वापरली.

मग नाकाडोंगरीचे नमुने आले.

त्या गावातल्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांचं रक्त होतं ते. लसीचे डोस मोजकेच येणार होते. ज्या गावातल्या बायकांच्या अंगात प्रतिपिंडं कमी, त्यांना आधी. जिथं आधीच भरपूर आहेत ते गाव मागं, असं ठरलं होतं. मी प्लेटा लावल्या आणि वाचल्या तेव्हा मला आनंदच झाला. रांगेमागून रांग नुसत्या टिकल्या. सगळ्या गावाच्या अंगावरून साथ गेलेली दिसत होती, सगळ्या बायका राखलेल्या. सरांना फोन करायला मी उठले.

तुम्ही प्लेट खिडकीशी नेलीत, तिरपी केलीत, परत आणलीत.

"मॅडम, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"एवढ्या साऱ्या बायका एकसारख्या कशा? कोनाचं कमी, कोनाचं जास्त रायते. आन् हे कडेची वळ पाहा. ह्याच्यात काहीच नाही असं तुमीच सांगता दरवेळी. तिथंबी दोन टिकल्या हायेत."

कडेची रांग तपासणीवरच नजर ठेवायला असते. ज्यात प्रतिपिंडं अजिबात नाहीत असं आधीच ठाऊक असलेलं रक्त तिच्यात घालतात. तिथं टिकली दिसायला नको. मी ते पाहिलं होतं. पुसट आहे, चालेल, असं मीच मला सांगितलं होतं.

"पुसट आहे ती," मी म्हणाले.

"पुसट नाही. वाहून राहिली."

"मावशी, मला उद्या आकडे द्यायचे आहेत."

"पुन्हा लावा नं. ह्या पोटुशा बाया हायेत."

"मला कळतं ते," मी म्हणाले. आणि मग ते वाक्य. "तुम्ही भांडी धुवा."

तुम्ही प्लेट टेबलावर ठेवलीत, अगदी हळू, खळगे हिंदकळू नयेत म्हणून. आत गेलात. नळ सुरू झाला. मी सरांना फोन केला आणि सांगितलं की नाकाडोंगरीला घाई नाही.

परतीच्या बसमध्ये तुम्ही नेहमीसारखी माझी जागा धरली होती.  मी मोहाडीला उतरताना तुम्ही फक्त म्हणालात, "पोरी, पुन्हा लाव."

लॅबमध्ये तुम्ही मला मॅडम म्हणायच्या आणि बसमध्ये पोरी. अरेतुरे मात्र त्या दिवसाआधी कधी केलं नव्हतंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीदाराला सहज विचारलं, गेल्या दोन रात्री लाइट होती का. तो म्हणाला, परवा तर रात्रभर लाइट नव्हती मॅडम, पहाटे आली. मी दारातच उभी राहिले. माणसाच्या रक्तात प्रतिपिंडांशिवाय आणखीही काही गोष्टी असतात, त्याही विषाणूला अडवतात आणि खोटी टिकली दाखवतात. त्या काढून टाकायला नमुन्यांत एक द्रव्य घालून ते रात्रभर उबेत ठेवावे लागतात. वीज गेल्यानं ऊब देणारं यंत्र बंद पडलं होतं. ऊब मिळालीच नव्हती. प्लेटा लावल्या त्या सकाळी मी आले तेव्हा यंत्र सुरू होतं, दिवा हिरवा होता, म्हणून मी पुढं गेले होते.

सगळे नमुने पुन्हा लावले. दोन दिवस लागले. तुम्ही माझ्यासमोर बसलात आणि आपण दोघींनी मिळून वाचले. कडेची रांग साफ निघाली, सगळी जाळी. आणि नाकाडोंगरीच्या कितीतरी रांगांत पहिल्या खळग्यापासूनच जाळं. त्या बायकांच्या अंगात काही नव्हतं. साथ त्यांच्या गल्लीपर्यंत पोचलीच नव्हती. पुढच्या वेळी पोचली असती.

मी सरांना फोन करून सांगितलं, आकडे चुकले होते, दुरुस्त केले आहेत, नाकाडोंगरीला लस आधी जायला हवी. सर म्हणाले, "शाबास. असं स्वतःची चूक शोधणारे लोक कमी असतात." मी "हो सर" म्हणाले. तुम्ही दोन पावलांवर नळ्या पुसत होतात. फोन ठेवल्यावर तुमच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही. तुम्ही म्हणालात, "चाय मांडतो," आणि आत गेलात.

लस गेली. त्या बायकांची लसीनंतरची रक्तं महिन्यानं आली आणि पहिल्यांदा रिकाम्या असलेल्या रांगांत टिकल्या उमटल्या होत्या. तुम्ही एकेक रांग बोटानं मोजत गेलात, एकही न चुकवता. एवढा वेळ तुम्ही कधी लावत नव्हतात.

तुमच्या त्या हट्टामागं काय होतं ते मला त्याच वर्षी नंतर कळलं. लॅबमधल्या माणसांनाही लस द्यायची ठरलं, त्याआधी सगळ्यांचं रक्त घेतलं. नमुन्यांवर नाव नसतं, क्रमांक असतो, आणि क्रमांक कुणाचा ते सांगायचं नसतं. प्लेट वाचताना तुम्ही एका रांगेपाशी थांबलात.

"हे सहाव्यापर्यंत पक्कं हाय. कोनाचं हाय जी?"

मी नियम मोडला. "तुमचं."

तुम्ही प्लेट खाली ठेवलीत आणि हात पदराला पुसलेत, ओले नसताना.

"मी तं लस घेतली नाही अजून."

"आधीचंच आहे हे. कधीतरी तो ताप तुमच्या अंगातून गेला असणार."

"मले ताप आला नोता," तुम्ही म्हणालात. "करुणाले आला होता."

करुणा तुमची मुलगी. मला तुमचा मिलिंद ठाऊक होता, मोटार वाइंडिंगचं दुकान असलेला. मुलगी होती हे तोवर कधी बोलण्यात आलं नव्हतं. तुम्ही ते सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज रोजच्यासारखाच होता. तिला नाकाडोंगरीला दिली होती. साथीच्या वर्षी सातवा महिना लागला होता. ताप आला, मग धाप लागली. निरोप आल्यावर तुम्ही गेलात आणि सहा दिवस तिच्या उशाशी होतात. तिचं डोकं मांडीवर, तिचा श्वास तुमच्या तोंडावर. दवाखान्यात न्यायची गाडी मिळेपर्यंत उशीर झाला होता.

"कायचा ताप होता ते कोनी सांगतलं नाही. मोजलंच नाही कोनी," तुम्ही म्हणालात. "मले काही झालं नाही. मी म्हनो, मले काहून नाही झालं?"

 तुम्ही प्लेट पुन्हा हातात घेतलीत, खिडकीकडं वळलात आणि ती तिरपी केलीत. सहा टिकल्या ओघळल्या.

"तं हे तिचं हाय," तुम्ही म्हणालात.

इथं आपला वाद सुरू झाला आणि तो कधी संपला नाही. मी शिकलेली होते. मला खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, असं सांगता येत नाही. हे त्या जातीच्या विषाणूविरुद्ध आहे, एवढंच कळतं. तो तुम्हाला बाजारात लागला असेल, बसमध्ये लागला असेल, नंतरच्या वर्षी लागला असेल. कुणाकडून आला ते रक्त सांगत नाही."

"तुमी आकडा सांगा," तुम्ही म्हणालात. "कोनाकडून आला ते मले ठाऊक हाय."

पुढं किती वेळा बसमध्ये हा विषय निघाला. कधी तुम्ही काढायच्या, कधी मी. मी पुरावा म्हणायची, तुम्ही हसायच्या. एकदा तुम्ही म्हणालात, "हे पाय पोरी, तुह्या यंत्रात तिचं नाव नाही येत, ते मले समजते. पर मी तिथं होती नं. तू नोती." मी मनातून मानलं नाही. आजही मला कुणी लेखी विचारलं तर मी तेच उत्तर देईन, सांगता येत नाही. पण त्या सहा दिवसांनंतर तुमच्या अंगात काही उरलं नसतं तरच मला नवल वाटलं असतं, हेही खरं आहे. एवढं तरी मी तुमच्यापाशी कबूल करायला हवं होतं. लेकीच्या तापाशी तुमचं रक्त लढलं आणि त्याची खूण तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आली. अशी किती माणसं असतील?

शेवटची दोन वर्षं तुम्ही प्लेट डोळ्यांच्या जास्त जवळ धरायला लागला होतात. माझ्या ते लक्षात आलं नाही. आकडे जुळत होते. मग एका दुपारी एक नमुना जुळला नाही. पुन्हा लावला आणि त्या वेळी माझं बरोबर निघालं. मी म्हणाले, "होतं कधीतरी." तुम्ही मात्र गेल्या दोन आठवड्यांच्या प्लेटांचे कागद मागितलेत आणि माझ्याकडून वाचून घेतलेत. मग म्हणालात, "आजपासून माहं धरू नका मॅडम. आन् ह्या पंधरा दिसांतलं समदं तुमी पुन्हा पाहून घ्या."

"मावशी, एकच तर चुकलं."

"एकच तुमाले दिसलं."

मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली, पण तोवर प्रकल्प संपत आला होता आणि ठेकेदारानं तुमच्या जागी कुणालाच घेतलं नाही. आपल्या आणखी चुका कुणाला दिसायच्या आधी हातातली प्लेट खाली ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी स्वतः तशी नाही, हे तुम्ही जवळून पाहिलं होतंत. तरीही भाकरी दोन जास्तच आणायच्या.

त्यानंतर मी तुमसरला तुमच्या घरी एकदाही आले नाही. मोहाडीहून किती लांब आहे ते? दरवेळी वाटायचं, जाऊ, बोलू. फोन करायचे तेव्हा कोंबड्यांचं विचारायचे.

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला आले तेव्हा मंडपात पांढऱ्या साड्यांच्या रांगा बसल्या होत्या. वंदना झाली. कुणी तुमच्या मिलच्या दिवसांबद्दल बोललं, कुणी विहाराच्या बांधकामात तुम्ही डोक्यावर विटा वाहिल्या त्याबद्दल. मग मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आईच्या लॅबच्या मॅडम आल्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावे." मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी नाकाडोंगरीचं सांगितलं. सगळं सांगितलं, मी तुम्हाला काय म्हणाले होते तेही, आणि शाबासकी कुणी घेतली तेही. बोलून झाल्यावर खाली बसले.

चहा देताना मिलिंद माझ्याजवळ थांबला.

"मॅडम, हे खरं हाय?"

"काय?"

"आई म्हने, मी लॅबमध्ये वाचतो. मले वाटे, भांडे घासते आन् पोरासोरांत मोठेपना सांगते. चौथी शिकली होती ते." तो कपाकडं बघत राहिला. "मी हासो तिले. बायकोसमोर हासो."

"खरं आहे," मी म्हणाले.

  त्यानं हातातला कप माझ्यापुढं केला.

सोमवारी मी सरांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत. मी सगळं सांगितलं आणि रागावतील म्हणून वाट बघत राहिले.  ते म्हणाले, "अहवाल आता बदलणार नाही. नोंदवही कपाटात असेल ना? तिच्यात दुरुस्ती करा. तुमचं नाव खोडून झाकू नका. एकच सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी त्यांचं पूर्ण नाव लिहा आणि आजची तारीख घाला." मग त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव काय त्यांचं?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मावशी म्हणत आले. हजेरी ठेकेदाराच्या वहीत असायची, ती मी कधी पाहिली नाही. मिलिंदला फोन करून विचारलं. त्यानं अक्षर न् अक्षर सावकाश सांगितलं.

आज दुपारी लॅबच्या जुन्या कपाटातून नोंदवही काढली. नाकाडोंगरीच्या पानावर दुसऱ्या वाचनाच्या रकान्यात माझ्या नावावर पट्टीनं एक रेघ मारली. शेजारी लिहिलं : विशाखा सुखदेव मेश्राम. मग मागची पानं, पुढची पानं, जिथं जिथं ते आकडे तुमचे होते तिथं तिथं. संध्याकाळची बस चुकली. सगळ्या रेघांखालून माझं नाव स्वच्छ वाचता येतं.

नावापुढं वाचणाऱ्याची सही लागते. ती जागा प्रत्येक पानावर मोकळी सोडली आहे.